शेपटीवरचा आकडा

“नक्कल असेल रे,” कुंपणाशी घडीच्या खुर्चीत बसलेली आई म्हणाली. “आकडा काय, कोणीही रंगवतं.”

केस पिकू लागलेल्या मुलाने डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. जुन्या लढाऊ विमानांचं त्याला वेडच होतं. सुट्टी आली की हा कुठल्या ना कुठल्या धावपट्टीच्या कुंपणाशी हजर. उडणाऱ्यांतली निम्मी नव्याने बनवलेली, नुसता जुना रंग फासलेली. ती तो आवाजावरून ओळखायचा. बायको म्हणायची, खरी सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या, विमानाचं काय करू?

आज मात्र शेपटीवरचा आकडा वडिलांच्या विमानाचा होता.

युद्धात वडील विमानासकट समुद्रात गेले, तेव्हा हा आईच्या पोटात होता. त्यांचा हात लागलेली एक तरी वस्तू आपल्या हाताला लागावी, एवढीच त्याची आयुष्यभराची आस. बुडालेली विमानं वर काढून पुन्हा उडवतात, हे त्याला ठाऊक होतं.

विमान डोक्यावरून घरघरत गेलं. आवाज अस्सल होता. त्याचे डोळे भरून आले.

आईने घरी चलायचा धोशा लावला होता. ऊन लागतंय, डोकं दुखतंय. वडिलांचा विषय निघाला की ती अशीच व्हायची, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही.

विमान उतरल्यावर तो तिला हाताला धरून आत घेऊन गेला. मेकॅनिकने हौसेने झाकण उघडून कारखान्याची पट्टी दाखवली. क्रमांक तोच होता. मुलाने पंखावर तळवा ठेवला आणि चारचौघांत रडला.

“समुद्रातून काढलं, मग गंज कसा नाही?” डोळे पुसत त्याने विचारलं.

“समुद्रातून? हे कधी पडलेलंच नाही.”

पलीकडच्या देशात एका शेतावरच्या गोठ्यात ते उभं होतं, मेकॅनिक सांगू लागला. युद्धात एक वैमानिक ते घेऊन तिथे उतरला आणि तिथलाच झाला. लग्न केलं, शेती केली. विमान मात्र तळहातावरच्या फोडासारखं जपलं. या हिवाळ्यात म्हातारा वारला, तेव्हा मुलांनी ते विकलं.

मुलाचा हात पंखावरून खाली आला. त्याने आईकडे पाहिलं.

आई मेकॅनिककडे बघत होती.

“मोतीबिंदू काढल्यावर,” तिने विचारलं, “नीट दिसायला लागलं होतं का हो त्यांना?”