तगारीवाली आजी

देवासच्या आमच्या चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली, म्हणून मी त्याचा इतिहास लिहायला घेतला. पायाभरणीच्या एकुलत्या एक फोटोत डोक्यावर चुन्याची तगारी घेतलेली एक मुलगी होती, चेहरा पदराआड. फोटोखाली नाव कुणाचं छापायचं, यावरून रविवारी चार घरांत जुंपली.

“नाक बघा, पक्कं आमच्या आजीचं!” एस्तेरताई म्हणाली.

“नाक दिसतंय कुठे, ताई? तगारी पेलायची ऐट बघा. ती आमच्या आजीची!” सॅम्युएल भिया हटेना.

शेवटी मी नव्वदीच्या, एकट्या राहणाऱ्या मार्थाबाईंना विचारलं. त्या पदरात हसल्या.

“मीच गं ती. पण नाव छापू नकोस. मला ना मूल ना बाळ, आणि आज चार घरं माझी नातवंडं व्हायला भांडतायत.”