बघायला कोणी नव्हतं

समुद्री शेवाळाच्या अर्काने जंतू मेले. पण हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचा. आमच्या मॅडमनीही तसंच समजायचं ठरवलंय.

प्रयोगशाळेचा नियम आहे: निकाल इथल्याच दुसऱ्या कोणीतरी डोळ्यांनी बघायचा, तोही त्याच दिवशी, मगच तो निकाल. आणि गणपतीत अख्खी संस्था आपापल्या घरी मोदक खात होती. माझं घर वाशिमला. म्हणून रत्नागिरीत उरलो मी आणि प्लेटमधले जंतू. त्यातलेही अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवतीचे मेले होते. तिथे रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ पडलं होतं.

मॅडमना फोन लावला. मागे आरती चालू होती.

"प्रफुल्ल, दुसऱ्या कोणी पाहिलं?"

"नाही, मॅडम."

"मग झालं नाही. सुट्टीनंतर पुन्हा कर."

आईला फोन लावला. "आई, शेवाळावरचा प्रयोग जमला!"

"शेवाळावर कायले गेला बाप्पा? घसरून पडशीन ना!"

फोन ठेवल्यावर मी प्लेटमधले उरलेले जंतूही नियमाप्रमाणे वाफेत मारले. आता खोलीत खरंच कोणी उरलं नाही.

मग संचालकांना अर्ज लिहिला: 'प्रस्तुत प्रयोगशाळेस सणासुदीच्या काळाकरिता एक माणूस मंजूर व्हावा. शैक्षणिक पात्रतेची अट नाही. सदर व्यक्तीने प्लेट पाहून "अरे वा" म्हणावे आणि शक्य झाल्यास थोडा वेळ बसावे, ही नम्र विनंती.'