काकांचा चष्मा

समुद्री कासवं बघायला जायचं दोघांनी ठरवलं होतं, पण काका गेले आणि काकू बेटावर एकट्याच आल्या.

तिसऱ्या सकाळी लॉजच्या खोलीच्या खिडकीत बसलेली एक मैना हुबेहूब काकांच्या आवाजात करवादली, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?"

काकूंनी चहाचा कप खाली ठेवून झटकन मागं वळून पाहिलं.

"खोलीत जे कानावर पडतं, तेच बोलते ती," केर काढणारी बाई हसली. "मालक भारीच वेंधळे दिसतात तुमचे!"

"फार," काकू कशाबशा म्हणाल्या.

निजताना त्यांनी पर्समध्ये जपलेला चष्मा काढला, पदरानं पुसला आणि शेजारच्या रिकाम्या उशीवर ठेवला. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

सकाळी मैना आली. मान तिरकी करून तिनं काकूंकडे पाहिलं.

"सापडला गं," ती हळूच म्हणाली. "किती वाळलीस तू!"