दहा सेकंदांची नोंद

यादीतली तेरा कामं झाली होती. चौदावं होतं, तिसऱ्या सर्व्हरवरचा जुना फोल्डर रिकामा करणे. इंजिनीअरचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. त्या फोल्डरच्या पोटात आणखी एक फोल्डर होता आणि त्यात एकच फाइल. जेमतेम चार ओळींची.

"मावशी, हे काय असेल हो?"

नेत्रपेढीच्या नोंदणीवरच्या मावशी शेजारच्याच टेबलाशी बसल्या होत्या. नेत्ररोपणासाठी थांबलेल्या माणसांची यादी त्यांच्या ताब्यात. एक सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये म्हणून ती तीन सर्व्हरवर सारखीच उतरवलेली असायची. सकाळपासून इंजिनीअर एकेकाला बाजूला घेऊन त्यावर डेटाबेसची नवी आवृत्ती चढवत होती. दोघांचं उरकलं होतं. सगळा कारभार त्यांच्याकडे सोपवून तिसऱ्याला नुकतंच मोकळं केलं होतं.

"पुसून टाक," मावशी म्हणाल्या. "दोन्हीकडे नावांचा आकडा बरोबर लागलाय ना?"

"लागलाय. म्हणून तर विचारतेय. मग हे कुठलं उरलं?"

"तुझ्या या चौकसपणापायी आज जेवायला चार वाजणार."

इंजिनीअरनं फाइल उघडली. एका माणसाचं नाव. वय बासष्ट. धंदा घड्याळदुरुस्ती. उजवा डोळा. फोन नंबर. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची, वेळ दुपारी चार बारा.

तिनं ते नाव यादीत शोधलं. नव्हतं. फोन नंबर टाकून शोधलं. तरी नव्हतं.

मग ती सर्व्हरच्या त्या दिवसाच्या जुन्या नोंदी उपसत बसली. अर्ध्या तासानं धागा हाती लागला. तेव्हा हा तिसराच मुख्य होता, नव्या नोंदी घेणारा. चार वाजून बारा मिनिटांनी त्याचा बाकीच्या दोघांशी संपर्क तुटला. दोघांनी दहा सेकंद वाट पाहिली आणि आपल्यातला एक मुख्य नेमला. ह्याला त्याचा पत्ताच नाही. आपणच मुख्य, या भरवशावर ह्यानं त्या दहा सेकंदांत एक नोंद घेतली. पावतीसुद्धा निघाली. संपर्क पुन्हा जुळला तेव्हा दोघांपुढे एकाचं काही चाललं नाही. ह्यानं आपली नोंद यादीतून मागे घेतली आणि या कोपऱ्यात ठेवून दिली.

मावशी उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं.

"त्या वेळेला काउंटरवर मीच असणार," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यानंतर नोंदवलेल्या माणसाचं काय झालं?"

इंजिनीअरनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी नोंदवलेल्या मुलीला सात महिन्यांपूर्वी डोळा मिळाला होता.

तिनं टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"फोन करून सांगणार काय पण?" मावशींनी विचारलं.

"जे झालं ते."

"ओरडतील."

"ओरडू देत."

पहिली घंटा पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"आला का माझा नंबर?" पलीकडून घाईघाईनं आवाज आला. "चौदा महिने झाले, आंघोळीला जातानासुद्धा फोन दाराशी ठेवून जातो मी."

तीन सर्व्हरपासून त्या दहा सेकंदांपर्यंत इंजिनीअरनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, यंत्रावर ढकललंही नाही. "काका, तुमचं नाव आमच्या यादीतून गळलं होतं. तुमच्या मागच्यांना डोळा मिळाला, तुम्हाला नाही. चूक आमची आहे."

फोनवर नुसती टिकटिक ऐकू येत होती. एका घड्याळाची नव्हती ती, पुष्कळ घड्याळांची होती.

"तारीख जुनीच घाल," मावशी हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांशी मी बोलते. काय म्हणायचं ते मला म्हणू देत."

"काका, तुमची जुनी तारीख धरूनच नाव घेतोय आम्ही. ऐकताय ना?"

"ऐकतोय." आवाज संथ झाला होता. "मला एक सांगा. दोघं एका बाजूला झाले, म्हणून हा एकटा खोटा ठरला?"

"हो. नियमच तसा आहे. नाहीतर कोणाचं खरं धरायचं ते ठरणार नाही."

"पण माझं नाव होतं ह्याच्याकडेच."

"हो."

"आणि खोटा ठरवल्यावरही ह्यानं ते फेकून दिलं नाही?"

"नाही काका. बाजूला काढून ठेवलं. आम्हीच कधी उघडून पाहिलं नाही."

मग त्याच्या आवाजातला सूर बदलला. उघडून ठेवलेल्या घड्याळावर वाकून कोणी बोलावं, तसा.

"केवढं असतं हो ते यंत्र? टेबलावर मावेल एवढं?"

"साधारण तेवढंच. चपटं असतं."

"आता त्याचं काय करणार?"

"रिकामं करून नवीन आवृत्ती घालणार. आजच."

"तासभर थांबता येईल? मी तिथं येतो. उजव्यानं काही दिसत नाही, पण डाव्या डोळ्याला भिंग लावायची सवय करून घेतलीय मी. हात नाही लावणार. नुसतं बघायचंय."

इंजिनीअरनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी आपल्या टेबलाजवळची खुर्ची उचलली, सर्व्हरच्या कपाटासमोर नेऊन ठेवली आणि पदरानं तिची बैठक पुसली.