लेकीसारखी

"हेल्वी, स्वेटरची बटणं तुमची तुम्ही लावा बघू," तपासणीला आलेली नर्स म्हणाली. बाजूला उभ्या शर्वाणीचे हात नुसते शिवशिवत होते.

फिनलंडहून कॅनडात आलेल्या म्हाताऱ्यांच्या त्या वसाहतीत शर्वाणी देखभालीच्या कामाला होती. ज्याला आपलं आपण आवरता येतं, त्याला तिथे स्वतंत्र घर मिळे. ज्याला जमत नाही, त्याची रवानगी पलीकडच्या शुश्रूषा विभागात. तिथे ना स्वतःची चूल, ना शनिवारचं सौनास्नान, म्हणजे तापलेल्या लाकडी खोलीतली वाफेची अंघोळ. आणि सौनाशिवाय हेल्वीआजींचा शनिवार उजाडतच नसे.

गेलं वर्षभर शर्वाणी आजींना कपडे घालत होती, कॉफी ओतून देत होती, पावाला लोणीसुद्धा लावून देत होती.

"अगं, त्यांचं त्यांना करू दे. सासूचं तरी करतेस का एवढं?" बरोबरची पिलार हसायची.

"नव्वदीच्या बाईला कामाला जुंपू? आमच्यात नाही हो असं करत," शर्वाणी ठसक्यात सांगायची.

आता मात्र आजींची सवय मोडलेली बोटं काजापाशी पुन्हापुन्हा अडखळत होती. पहिलंच बटण लागेना. नर्सने थोडा वेळ वाट पाहिली आणि कागदावर फुली मारली.

सोमवारी शर्वाणीनेच त्यांना शुश्रूषा विभागात नेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आजी कौतुकाने म्हणाल्या, "ही शर्वाणी. पोटच्या लेकीने केलं नसतं, इतकं हिने माझं केलं."

शर्वाणीला मान वर करवली नाही.