हळदीचा डाग

“वाक्य झकास आहे. पण कुणाचं? संदर्भ कुठाय?” मार्गदर्शक सरांनी प्रबंधाचं प्रकरण परत केलं.

हेमलताच्या नोंदकार्डावर फक्त वाक्य होतं. लेखक, पुस्तक, पान काही नाही. नवख्याची चूक! तीन आठवडे तिने ग्रंथालय पालथं घातलं. डोळे चुरचुरले, पाठ धरली, वाक्य काही सापडेना.

अखेर कंटाळून ती कार्ड फाडायला निघाली, तेव्हा कोपऱ्यातला हळदीचा डाग दिसला. स्वयंपाकघरात ती कधी पुस्तक नेतच नसे. फोडणी तडतडत असताना एकदा काहीतरी सुचलं होतं, ते विसरू नये म्हणून खरडलेलं हे कार्ड!

इतके दिवस तिने जगभरच्या विद्वानांवर संशय घेतला होता. स्वतःवर मात्र एकदाही नाही.