पडद्यापलीकडचे हात

“तुम्ही काहीतरी दिलंय, मॅडम.”

सर्जन डॉक्टर गोकुळ तुपे ऑपरेशनच्या दुर्बिणीवरून डोळे काढून हिरव्या पडद्यावरून पलीकडे डोकावले. तिथं, पेशंटच्या उशाशी, भूलतज्ज्ञ डॉक्टर मेघा वाहूळ बसली होती.

“काहीच नाय दिलं, सर.”

“मग हे पांढरं कसं पडलं?”

टेबलावर देवगाव रंगारीचा शिवम होता. ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरमध्ये पाय सापडून नडगीवरचं मांस गेलं होतं, हाड उघडं पडलं होतं. तुपेंनी त्याच्याच मांडीवरचा मांसाचा तुकडा काढून तिथं बसवला, त्याच्या शिरा पायातल्या शिरांना शिवल्या. तुकडा छान गुलाबी झाला होता. आता फिका पडत चालला होता. तो मेला तर पाय कापायचा, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तुपेंच्या हातात कसब होतं, पण भूल देणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रेशर वाढवायचं औषध दिलं की शिरा आकसतात आणि आपली सगळी शिलाई मातीत जाते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मेघानं सकाळी त्या औषधाचा पंप भरून ठेवला, तेव्हापासून त्यांचं अर्धं लक्ष तिच्या हातांवरच होतं.

“रूपा सिस्टर, तो पंप बघा बरं. चालू असंल.”

रूपा सिस्टर ओशाळली. मेघाची नजर चुकवत तिनं वाकून पाहिलं. “बंदच हाय, सर.”

तुपेंनी तुकड्याला सुई टोचली. रक्त आलं नाही. पुन्हा दुर्बिणीतून जोड तपासला. टाके ठीक होते, गुठळी कुठं नव्हती.

“सलाईन वाढवा.”

“लई झालंय आधीच. अजून दिलं तर तुकडा सुजंल.” मेघाचा आवाज चढला. “वरचं प्रेशर ऐंशीवर आलंय, सर. रक्ताला पायापर्यंत जायला जोरच नाय. पंप सुरू करू का, दोनदा विचारलं, दोनदा तुम्ही नको म्हणालात. मी ऐकलं, ही माझी चूक.”

तुपेंनी आणखी एकदा टोचलं. कोरडंच.

“करा काय करायचं ते,” ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मेघानं पंप सुरू केला, अगदी थोडा. आता बिघडलं तर खापर कुणावर फुटणार, हे तिला चांगलं माहीत होतं. प्रेशरचा आकडा नव्वदवर गेला, मग शंभराच्या पुढं. तुपेंनी वळून सुई टेकवली.

लालभडक थेंब वर आला. त्याच्यामागून दुसरा.

मेघाला रडूच आलं, पण राग काही गेला नाही.

“सलाईन आहे ते,” तुपे सुई ठेवत म्हणाले. “कधी कधी उशिरा लागू पडतं.”

“बरं. मग पंप बंद करते.” तिनं बटणाकडे हात नेला.

“ओ मॅडम!” तुपे ओरडले. “हात नका लावू त्याला!”